टॅक्सीत आपल्या हातून नुकसान झालं तर? इंदूरकर प्रवाशांचे नेहमीचे प्रश्न

पुण्याच्या गाडीला निघताना डिकीत न मावलेली लोणच्याची बरणी मांडीवर असते, पलासियाच्या चौकात ब्रेक लागतो आणि हळदीचं तेल सीटवर पसरतं. ड्रायव्हर मागे वळून म्हणतो, "साब, पूरा कव्हर नया डलेगा, पाँच हज़ार दे दो." आपल्याकडची मंडळी अशा वेळी एक तर घाबरून मागतील ते देतात, नाही तर भाडं सीटवर टाकून चालू लागतात. दोन्ही चूक. खालचे प्रश्न त्या मधल्या, थोड्या किचकट जागेबद्दल आहेत. कायदा सगळ्या देशाचा एकच आहे, उदाहरणं इंदूरची आहेत.

मुद्दाम केलेलं नाही, चुकून झालं. तरी पैसे द्यावे लागतात का?

कधी हो, कधी नाही. ठरतं ते हेतूवर नाही, निष्काळजीपणावर. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये सीट खराब झाली तर प्रवाशाने अमुक द्यावे असं दरपत्रक नाही. त्यामुळे दिवाणी कायद्याची साधी कसोटी लागते: शहाण्या माणसाने जेवढी काळजी घेतली असती तेवढी तुम्ही घेतली का, आणि न घेतल्यामुळेच हे नुकसान झालं का?

बरणीचंच बघा. झाकण सैल होतं, वर फडकंही बांधलेलं नव्हतं, तर जबाबदारी बहुतांशी तुमची. बरणी नीट बांधून पिशवीत घालून पायाशी ठेवली होती आणि ड्रायव्हरने मोबाईल बघता बघता करकचून ब्रेक मारला, तर तुमच्याकडे बोट दाखवण्याआधी त्याने स्वतःकडे बघावं. दोघांचीही थोडी थोडी चूक असेल तर भरपाईही वाटली जाते. न्यायालयं हे नेहमी करतात. सिग्नलला तेवढा विचार कुणी करत नाही ही गोष्ट वेगळी.

आणि निखळ अपघात, म्हणजे मागून दुसरी गाडी आदळली आणि तुमच्या हातातली कॉफी सांडली, यात तुमचं काहीच देणं लागत नाही. मागितलंच तर मागच्या गाडीवाल्याकडे मागायचं.

"तोडफोड केली म्हणून पोलिसात देतो" असं ड्रायव्हर म्हणाला तर?

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३२४ मालमत्तेच्या आगळिकीबद्दल, म्हणजे तिचं मुद्दाम नुकसान करण्याबद्दल, आहे. त्यासाठी नुकसान करण्याचा हेतू हवा, किंवा आपल्या कृतीने नुकसान होणार हे ठाऊक असायला हवं. हातून दहीवडा सांडणं हा गुन्हा नाही. भाड्यावरून वाद झाला म्हणून सीटबेल्ट कापणं हा आहे. साध्या आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नुकसान २०,००० रुपयांपासून १ लाखाच्या आतलं असेल तर कैद दोन वर्षांपर्यंत जाते.

म्हणून चुकून सांडलं असेल तर पोलिसांच्या नावाने हात-पाय गाळू नका. उलट शांतपणे म्हणा, "चलिए भैया, थाने ही चलते हैं." बहुतेक वेळा बोलणं तिथेच रुळावर येतं.

हँडल हातात आलं, पण ते आधीच ढिलं होतं. तेही माझ्याच माथी?

नाही. रोजच्या वापराने होणारी झीज ही धंद्याचा खर्च आहे आणि ती भाड्यातच धरलेली असते. दाराचं हँडल, काच वर-खाली करायचं बटण, सीटबेल्टचं बक्कल, सीटमागचा खिसा, उसवलेली शिवण: नेहमीसारखं वापरताना ही वस्तू तुटली तर ती तुमच्या आधीच्या शेकडो प्रवाशांनी मिळून तोडलेली असते. तुम्ही फक्त शेवटचे.

उबरसारख्या कंपन्यांच्या वापरअटीही नेहमीच्या झिजेपलीकडचं नुकसान आणि गरजेची साफसफाई एवढंच प्रवाशाकडे मागतात. वाद झाला तर 'नेहमीची झीज' हे शब्द तक्रारीत आवर्जून लिहा.

मात्र मागच्या सीटवर गुडघे टेकून उभं राहणं, आर्मरेस्टवर बसणं, बंद काच हाताने ओढून खाली करू पाहणं, हा नेहमीचा वापर नव्हे.

किती रक्कम रास्त?

सगळे वाद शेवटी इथेच येतात, तेव्हा हे जरा सविस्तर.

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७३ म्हणतं की भरपाई त्या घटनेतून स्वाभाविकपणे झालेल्या तोट्याची मिळते, लांबच्या आणि आडवळणाच्या तोट्याची नाही. शिवाय तोटा कमी करण्याचे उपाय हाताशी होते का, हेही बघितलं जातं. मराठीत सांगायचं तर डाग धुऊन निघत असेल तर नव्या कव्हरचे पैसे मागता येत नाहीत. धुणं आधी, दुरुस्ती मग, नवीन सर्वांत शेवटी.

नवीनच घ्यावं लागलं, तरी जुन्याच्या बदल्यात नव्याची पूर्ण किंमत हा हिशोब रास्त नाही. समजा रेक्झिनचं कव्हर ४,००० रुपयांचं आहे, टॅक्सीत ते साधारण चार वर्षं टिकतं आणि त्यातली तीन सरली आहेत. मग तुमच्यामुळे ड्रायव्हरचं एका वर्षाचं कव्हर गेलं: १,००० रुपये. विमा कंपन्याही असंच करतात. अपघाताच्या दाव्यात रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा कापतात. ड्रायव्हरला ही गोष्ट पक्की ठाऊक असते, कारण त्याचा स्वतःचा दावा कधीतरी असाच कापला गेलेला असतो. त्याची आठवण करून दिली तर तो हसतो तरी.

जागेवरचा आकडा जागेवर मान्य करू नका. जवळच्या कार वॉशवर किंवा सीट कव्हरच्या दुकानावर दोघांनी मिळून जा, भाव विचारा, शक्य असेल तर पैसे थेट दुकानदाराला द्या आणि बिल गाडीच्या नंबरावर करून घ्या. ड्रायव्हरलाच द्यायचे असतील तर यूपीआयने द्या आणि टिपेत लिहा: "सीट सफाई, पूर्ण हिशोब", सोबत गाडीचा नंबर. रोखीत दिलेले पैसे दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाहीत.

गाडी धुवायला लागली म्हणून त्याचा धंदा बुडाला. तेही द्यायचं?

माझ्या मते यात ड्रायव्हरची बाजू खरी असते आणि प्रवासी नेमकी हीच नाकारतात. ओली सीट वाळेपर्यंत गाडी उभी राहते, हप्ता काही उभा राहत नाही. तुमच्या निष्काळजीपणाने अर्धा दिवस गेला असेल तर अर्ध्या दिवसाची निव्वळ कमाई हा कलम ७३ च्या भाषेत स्वाभाविक तोटाच आहे. निव्वळ म्हणजे डिझेल किंवा सीएनजी वजा जाता, कारण उभ्या गाडीला इंधन लागत नाही. पण "उद्या सकाळचं उज्जैनचं भाडं गेलं, परवाचं लग्नाचं गेलं" ही साखळी लांबत गेली तर थांबवा. सीट चार दिवस ओली राहत नाही, पावसाळ्यातसुद्धा.

ओकारी झाली तर?

खंडवा रोडने ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटाची वळणं लागली की हा प्रश्न पोटातूनच येतो.

ओकारी होणं हा निष्काळजीपणा नाही. पण गाडी लागते हे माहीत असून न सांगणं, पिशवी न ठेवणं, निघताना पोहे-जिलबी भरपेट खाऊन मागे मधल्या सीटवर बसणं, याला मात्र निष्काळजीपणा म्हणता येईल. उलट तुम्ही दोनदा "भैया, जरा गाड़ी रोकिए" म्हणालात आणि त्याने रोकली नाही, तर त्याचा वाटा मोठा.

कायदा काहीही म्हणो, इथे साफसफाईचे पैसे आपणहून द्यावेत असं माझं मत आहे. दुसऱ्याची ओकारी पुसणं कुणाच्याही भाड्यात धरलेलं नसतं. फक्त रक्कम धुलाईची असावी.

लहान मुलाने केलं तर?

आठ वर्षांच्या मुलाशी करार होत नाही. करार कायद्याचं कलम ११ अज्ञानाला, म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेल्या मुलाला, करारासाठी अपात्र ठरवतं, आणि मोहोरी बीबी खटल्यापासून, म्हणजे १९०३ पासून, असा करार मुळातच शून्य मानला जातो. पण म्हणून आईबाप सुटले असं नाही. मुलाच्या हातून झालं एवढ्याने त्यांची जबाबदारी आपोआप येत नाही, येते ती त्यांच्या स्वतःच्या दुर्लक्षामुळे. मुलाच्या हाती स्केचपेन देऊन आपण फोनवर बोलत बसलो, तर छताच्या कापडावरचं चित्र आपलंच.

मागच्या काचांचं लॉक मात्र ड्रायव्हरच्या हाती असतं. मूल मागे आहे हे दिसत असून त्याने ते लावलं नाही आणि काच बिघडली, तर तेही मोजा.

दार उघडताना मागून दुचाकी आदळली. हे कुणाकडे?

दोन हिशोब आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. दुचाकीस्वाराला झालेली इजा हा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा विषय. तिथे गाडीमालक आणि त्याची विमा कंपनी उत्तर देतात. तृतीय पक्षाचा विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ खाली सक्तीचाच आहे. दुचाकीचं नुकसानही त्याच विम्यातून मागता येतं. आधी जखमीला बघा, बाकीचं नंतर.

दुसरा हिशोब टॅक्सीच्या दाराचा. तुम्ही मागे न बघता दार उघडलंत हे खरं, पण गाडी कडेला न घेता राजवाड्याच्या गर्दीत रस्त्याच्या मधोमध उभी कुणी केली? अशा प्रसंगात अर्धं-अर्धं हा तोडगा बहुधा न्यायाला धरून असतो.

एक सवय लावून घ्या: डावीकडचं दार उजव्या हाताने उघडायचं. खांदा वळतो, मान वळते, मागचं दिसतं.

अ‍ॅपवरून बुक केलेली टॅक्सी होती. दुसऱ्या दिवशी 'क्लीनिंग फी' कापली गेली. काय करू?

पहिलं, फोटो मागा. फोटोत तुमच्याच प्रवासानंतरची गाडी आहे का, वेळ जुळते का, सीटचा रंग तरी जुळतो का, हे बघा. दुसरं, सफाईचं बिल मागा. तिसरं, उतरताना तुम्ही सीटचा फोटो काढला असेल तर तो जोडा. सामान उतरवताना एक फोटो काढायला वेळ लागत नाही. विसरलेली छत्रीही त्यात सापडते.

अटींमध्ये ठरावीक रक्कम लिहिली असली तरी ती डोळे मिटून लागू होत नाही. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात आकडा ठरवला असला तरी मिळते ती रास्त भरपाई, आणि तो आकडा म्हणजे कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद खटल्यात आणि २०१५ मध्ये कैलाशनाथ खटल्यात हेच सांगितलं. बिस्किटाचा चुरा सांडला म्हणून हजार रुपये, हे त्या चौकटीत बसणं अवघड.

मदत केंद्राची छापील उत्तरं येत राहिली तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एक महिन्यात तक्रार निकाली काढायची. तेही जमलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

गाडी मी बुक केली, बसले सासरे. फी मला?

अटींनुसार खातं ज्याचं त्याच्याकडे. कंपनीशी करार तुमचा आहे, सासऱ्यांचा नाही. त्यांच्याकडून वसूल करायचं की नाही हा घरगुती प्रश्न. कायद्याने उत्तर दिलं तरी ते वापरू नये.

ड्रायव्हरने सामान अडवून ठेवलं. चालतं का?

चालत नाही. दुसऱ्याची वस्तू देणं मिळेपर्यंत ताब्यात ठेवायचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० आणि १७१ मध्ये आहे, पण तो त्या वस्तूवर मेहनत घेणाऱ्या कारागिराला, आणि सरसकट हक्क बँका, वकील अशा मोजक्यांना. सीटच्या डागासाठी तुमची बॅग अडवणारा ड्रायव्हर त्या यादीत नाही. दारं लॉक करून उतरू न देणं त्याहून गंभीर: न्याय संहितेची कलमं १२६ आणि १२७ कुणालाही बेकायदा अडवण्या-कोंडण्याबद्दलच आहेत. ११२ लावा. धाक घालून पैसे उकळणं हे कलम ३०८ मध्ये येतं.

भाडं मात्र द्याच. डागाचा वाद आणि भाड्याचं देणं वेगळं ठेवलं की तुमची बाजू स्वच्छ राहते.

टॅक्सीचा विमा असतोच ना? मग मी का देऊ?

सक्तीचा विमा बाहेरच्या तिसऱ्या माणसासाठी असतो, गाडीच्या स्वतःच्या सीटसाठी नाही. सर्वसमावेशक पॉलिसी असली तरी ती अपघात, आग, चोरी अशा गोष्टींची; डाग, झीज, फाटणं यासाठी दावा बसवणं कठीण. बसला तरी घसारा आणि सक्तीची वजावट गेल्यावर हाती फारसं येत नाही, वर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाते. हा बोनस पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्के आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. हजार रुपयांसाठी तो घालवणारा गाडीमालक शोधून सापडणार नाही, तेव्हा "इन्शुरन्स से ले लो" हे उत्तर देऊ नका.

रंगपंचमीच्या गेरमधून, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतून, थेट टॅक्सीत बसलो तर?

रंगाने माखलेला प्रवासी बघून ड्रायव्हरने गाडीत घेतलं तर जोखीम त्यानेही पत्करली. बरेच ड्रायव्हर त्या दिवशी सीटवर जुनी चादर नाही तर प्लॅस्टिक पसरतात. कोरडा गुलाल झटकला जातो, त्याचे पैसे मागू नयेत आणि देऊ नयेत. ओला पक्का रंग मुरला तर वेगळं. बसण्याआधी विचारा, "भैया, रंग लगा है, बैठें?" या एका वाक्याने निम्मा वाद मिटतो. आणि शक्य असेल तर त्या दिवशी पायीच या, तसंही राजवाड्याच्या आसपास चाक फिरत नाही.

जखमीला एम. वाय. हॉस्पिटलला नेताना सीटवर रक्त लागलं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, पण ते जखमीच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल खटला होऊ नये यासाठी. सीटच्या धुलाईबद्दल ते बोलत नाही. तरी जीव वाचवण्याच्या धडपडीला निष्काळजीपणा कुणी म्हणणार नाही. ड्रायव्हरनेही गाडी दिली, म्हणजे मदत त्यानेही केली. नंतर फोन करून धुलाईचे विचारा. कायद्याने बांधलेले नसलात तरी.

सिगरेटचं भोक, गुटख्याची पिंक?

यावर वाद काय घालायचा. सार्वजनिक वाहनात धूम्रपानाला २००३ च्या तंबाखू कायद्याने बंदीच आहे. पूर्ण दुरुस्ती द्या आणि माफी मागा.

बाहेरगावची गाडी ठरवताना अनामत रक्कम घेतली. ती कापता येते?

ड्रायव्हरसकट गाडी असेल तर गाडी ड्रायव्हरच्याच ताब्यात असते, तुम्ही फक्त प्रवासी. कापायची तर त्याने तुमचा निष्काळजीपणा आणि खर्च दोन्ही दाखवायला हवेत. स्वतः चालवायला गाडी घेतली तर चित्र उलटतं: करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायला तुम्ही बांधील, आणि ती घेतली हे दाखवणंही मुख्यतः तुमच्याच अंगावर येतं. किल्ली हातात घेण्याआधी गाडीभोवती आणि आत फिरून व्हिडिओ काढा. मांडूहून परतल्यावर सापडलेला ओरखडा जुना होता हे नुसत्या बोलण्याने सिद्ध होत नाही.

उलटं झालं तर? सीटच्या ग्रीसने माझी पैठणी गेली.

मग ग्राहक तुम्ही. टॅक्सी ही पैसे देऊन घेतलेली सेवा, तिच्यातली उणीव ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येते. दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि सेवेचा मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. साडीचं बिल, त्याच दिवशीचा फोटो आणि ड्राय क्लीनरचं "निघणार नाही" हे लेखी उत्तर, एवढं जपा. झिजेचा नियम मात्र इथेही लागू: दहा वर्षं नेसलेल्या पैठणीला नव्या पैठणीची किंमत मिळत नाही.

काहीच जमलं नाही तर ड्रायव्हर कुठे जाईल आणि मी कुठे?

ड्रायव्हर तुमच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाऊ शकत नाही; त्याला दिवाणी न्यायालय. मुदत साधारण तीन वर्षं. दोन-तीन हजारांसाठी तेवढं कुणी करत नाही, हे दोघांनाही माहीत असतं, म्हणूनच सगळा जोर फूटपाथवर लागतो.

दोघांनाही खुला असलेला एक रस्ता लोक विसरतात: कायमस्वरूपी लोक अदालत. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मध्ये रस्त्यावरची प्रवासी वाहतूक ही 'सार्वजनिक उपयोगिता सेवा' म्हणून नाव घेऊन नोंदलेली आहे. अट एवढीच की प्रकरण आधी कुठल्या न्यायालयात गेलेलं नसावं. तिथे आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही झाला तर तेच मंडळ निर्णय देतं आणि तो दोघांवर बंधनकारक असतो. न्यायालयीन शुल्क नाही, वकीलही लागत नाही. अर्जासाठी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात चौकशी करा. सोबत गाडीचा नंबर, प्रवासाची पावती, फोटो आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट न्या.